हुंगलेलं फूल

फाटकाशीच पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर हिरव्या रंगात: 'फुले तोडू नयेत. हुंगण्यास हरकत नाही.'

द्वारकाताईंनी रिक्षातून उतरल्या उतरल्या ती वाचली, पिशवी खाली ठेवून पुन्हा वाचली. साताऱ्याहून निघालेल्या एस.टी.त कराडनंतर त्यांचा डोळा लागला होता आणि झोपेची साय अजून डोळ्यांवर होती. वाटलं, आपण उलटं वाचतोय. जन्मभर ऐकत आलो ते तर असं, की फुलं तोडावीत, हुंगू नयेत.

"कुणी लिहिली रे ही?" आतून लगबगीनं आलेल्या भावाला त्यांनी विचारलं. ना खुशाली, ना काही.

"तुझ्या भावजयीनं. का गं, आवडली नाही?"

"देवाच्या फुलांना कुणीही येऊन नाक लावायचं होय?"

"ही देवाची नव्हेत ताई, माणसांची आहेत," चिंतामण हसला. मातीनं भरलेले हात पाठीमागं धरूनच तो वाकला आणि त्यानं बहिणीला नमस्कार केला. साठी उलटली तरी तिच्यापुढं तो चिंतूच होता.

बाग हरिपूरच्या रस्त्याला होती, चिंचांची रांग संपते तिथून आत, घराला लागूनच. चिंतामण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा पुण्याला मुलाकडे जाऊन बसेल. तो गेला नाही. नदीकडच्या काळ्या रानात त्यानं गुलाब लावले. नुसते लावले नाहीत, मांडले. लोकांनी यावं, फिरावं, थांबून वास घ्यावा म्हणून मांडले. रंगाला भुलून एकही झाड आणलं नव्हतं. ज्याला वास नाही त्याला इथं जागा नाही, एवढा एकच नियम. परवा ही बाग लोकांसाठी उघडायची होती. संक्रांत नुकतीच झालेली, म्हणून त्याच्या बायकोनं, सुहासिनीनं, आपलं हळदीकुंकूही त्याच दिवशी बागेतच ठेवलं होतं. एका मांडवात दोन कार्यं.

ऊन कलतं झालं होतं. चिंतामण बहिणीला वाफ्यावाफ्यातून घेऊन निघाला. उजव्या हाताला नवे गुलाब, उंच दांड्यांचे, परदेशी नावांचे. "ही क्रिमसन ग्लोरी. हा पापा मेयाँ, बघ कसा काळपट, मखमलीचा चोळखण. आणि ही डबल डिलाइट, कडेला लाल, आत साय. हिला लवंगेचा वास आहे. वाक ना, घे."

"छान आहे," द्वारकाताई म्हणाल्या, आणि हात मागं बांधून ताठ उभ्या राहिल्या.

"आक्का, नाक लावा की बिनघोर," पाणी पाजणारा गडी, गुंडा, पलीकडच्या वाफ्यातून म्हणाला. "हितं नाकाला परवानगी हाय. मला तर लावून लावून शिंका याया लागल्यात."

डाव्या हाताला जुने गुलाब. ही झाडं ताठ नव्हती. पसरलेली, एकमेकांच्या खांद्यावर रेललेली, कुठल्याशा परसातून उठून आल्यासारखी. फुलं लहान, गुबगुबीत, पाकळ्या दाटीवाटीनं भरलेल्या. कुणाचा वास चहाचा डबा उघडल्यासारखा, कुणाचा पाडाच्या पेरूसारखा, असं चिंतामण सांगत होता. नदीवरून ओल यायला लागली तसा तो सगळा वास खाली बसत चालला. पाणी सखल जागी साचावं तसा तो वाफ्यांमधल्या वाटेवर साचला, आणि द्वारकाताईंना वाटलं, आपण घोट्याएवढ्या वासातून चालतोय. पातळाच्या निऱ्या भिजतील की काय असं वाटून त्यांनी त्या जरा वर उचलूनही धरल्या.

वाट संपली तिथं एक गोल आळं होतं. खणलेलं, शेणखत घातलेलं, आणि रिकामं. आळ्याच्या कडेला चार कुंड्या.

"हे आईच्या गुलाबासाठी," चिंतामण म्हणाला.

वाईच्या घरामागं आईचा एक गुलाब होता. ते घर कधीच विकलं गेलं होतं आणि गुलाबाच्या जागी आता कुणाची तरी मोरी होती. पण आई हाताची मोकळी. मागेल त्याला फांदी तोडून द्यायची. त्या फांद्या कुठं कुठं गेल्या याचा माग चिंतामणनं नोकरीतल्या फिरतीत काढला होता. एक वाईतच, शेजाऱ्यांच्या नव्या घरी. एक वडूजला, आईच्या मैत्रिणीच्या नातवाकडे. एक कवठेमहांकाळला मावशीच्या सुनेनं विहिरीच्या पाण्यावर जगवलेला. एक मलकापूरला. चौघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, हाच तुमच्या आईचा. आणि चारही झाडं सारखी दिसत असली तरी सारखी नव्हती.

"ताई, मला आईचा चेहरा आठवत नाही," चिंतामण कुंडीतली माती उगीच बोटानं दाबत म्हणाला. "फोटो नाही. आवाज नाही. पाच वर्षांचा होतो, काय आठवणार? एक वास तेवढा आठवतो, गुलाबाचा. झोपेतसुद्धा येतो कधी कधी. पण या चारांत तो सापडत नाही. चारही थोडे थोडे तसे वाटतात आणि एकही तसा वाटत नाही. माझं नाक म्हातारं झालं बहुतेक. तू तेरा वर्षांची होतीस, रोजची फुलं तूच काढायचीस. तू सांग. तू बोट ठेवशील ते झाड परवा सकाळी इथं लावायचं."

"आणि मलाही नाही ओळखता आलं तर?"

"तर आळं बुजवून टाकायचं. संपलं. वाटेल ते झाड लावून त्याला आई म्हणायचं, हे माझ्यानं होणार नाही."

द्वारकाताई चार कुंड्यांकडे बघत राहिल्या. "प्रवासानं नाक चोंदलंय रे," त्या म्हणाल्या. "सांगते सावकाश."

नाक चोंदलं नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की त्या गुलाबाचा वास द्वारकाताईंनी कधी घेतलाच नव्हता.

आता हे कुणाला सांगितलं तर हसेल. पण ज्यांच्या घरी पूजा असे त्या बायकांना कळेल. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. तो उष्टा नैवेद्यच. आईची शिस्त याबाबतीत फार कडक. परडी अंगापासून लांब धरायची, फूल खुडताना मान वळवायची, आणि जमलं तर श्वासही रोखायचा. सहा-सात वर्षांची असल्यापासून द्वारका अशी मान वळवून फुलं काढत आली होती. लग्न होऊन साताऱ्याला गेली तिथं सासऱ्यांचं सोवळं याहून कडक. हाताला ते वळणच पडलं. आज इतक्या वर्षांनी, सासरे गेले, यजमान गेले, घरात विचारणारं कुणी उरलं नाही, तरी फुलाकडे हात गेला की मान आपोआप दुसरीकडे वळायची. आईच्या गुलाबाचे काटे त्यांना ठाऊक होते. पाकळ्यांवरचं दव, देठाशी लागणाऱ्या मुंग्या, फूल खुडताना होणारा बारीकसा आवाज, सगळं ठाऊक. वास तेवढा नाही.

आणि हा मुलगा, पाचव्या वर्षी आईवेगळा होऊन इथं सांगलीला काकांकडे वाढलेला, आपल्या तोंडाकडे बघत बसलाय.

त्या रात्री त्यांना स्वप्न पडलं. आई मोरीशी वाकून हात धूत होती. पाठमोरी. द्वारका हाक मारत होती आणि आई वळत नव्हती, नुसता हात मागं करून काहीतरी देत होती, "घे, आता घे," म्हणत. ओंजळीत काय पडलं ते बघायच्या आत जाग आली.

पहाट होती. देवघरातून सुहासिनीच्या झाडण्याचा आवाज येत होता. द्वारकाताई अंथरुणात तशाच बसून राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. निर्माल्य! आई रोज सकाळी आदल्या दिवशीची फुलं देवावरून उतरवायची, ओल्या हातानं त्यांच्या ओंजळीत घालायची आणि म्हणायची, "आता घे. आता तो प्रसाद." ती शिळी फुलं डोळ्यांना लावायची, हुंगायची आणि मग तुळशीत टाकायची. तेवढा एक वास हक्काचा होता.

अंघोळ करून त्या परडी घेऊन बागेत गेल्या. चारही कुंड्यांवरून एकेक फूल खुडलं, अर्थात मान वळवून.

"वन्सं, आज पूजा तुम्ही करताय? बरं झालं," सुहासिनी म्हणाली. "मला शंभर वाणं भरायची आहेत."

"करते. पण उद्या सकाळपर्यंत देवांना कुणी हात लावायचा नाही. चिंतूनंसुद्धा."

"का हो?"

"देवांना कामाला लावलंय."

वाईचं फूल गणपतीला, वडूजचं बाळकृष्णाला, कवठ्याचं अन्नपूर्णेला, मलकापूरचं पिंडीवर. म्हणजे घोटाळा नको. चिंतामण येऊन देवघराच्या उंबऱ्यात उभा राहिला, चार देवांवरची चार फुलं बघितली, बहिणीकडे बघितलं.

"ताई, मी वास ओळखायला सांगितला होता. कौल लावायला नव्हे."

"गप बस. तुझ्या खात्यात घाईनं धरणं बांधत होते का?"

तो दिवस द्वारकाताईंनी बागेतच काढला. सावलीत खुर्ची टाकून दिली होती. गुंडा सुकलेली फुलं कात्रीनं छाटत फिरत होता, मधमाश्या त्याच्याआधी पोचत होत्या. ऊन चढलं तसा वास जमिनीवरून उठला, अंगाएवढा झाला, डोक्यावरून गेला. डोळे मिटले की आपण साताऱ्यात आहोत, वाईत आहोत की सांगलीत, हे त्यांना नीट कळेना. कळून घ्यावंसंही वाटेना. मधूनच कुणीतरी लहान मूल वाफ्यातून पळतंय असा भास व्हायचा. डोळे उघडावेत तर चिंतामण गुडघ्यावर बसून खुरपत असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात त्या एकट्याच होत्या. हात ओले केले. आधी गणपतीवरचं फूल उतरवलं, डोळ्यांना लावलं, नाकाशी नेलं. कापलेल्या गवताचा वास, बाकी काही नाही. बाळकृष्णावरचं तर कागदच झालं होतं. पिंडीवरचं जरा आंबूस.

अन्नपूर्णेवरचं फूल पार कोमेजलं होतं, पाकळ्या विटकरी झालेल्या. ते त्यांनी उचललं आणि नाकाशी न्यायच्या आधीच वास पुढं होऊन भेटायला आला. गुळाच्या पाकात लवंग पडावी तसा गोड, पण थंड, त्याला चंदनाची किनार. काल खुडताना या फुलानं आपली चाहूलही लागू दिली नव्हती. एका रात्रीत त्याला वाचा फुटली होती. द्वारकाताईंच्या ओंजळीवर आईचे ओले, गार हात आले. वाईच्या देवघरातली शहाबादी फरशी पायांना लागली.

"वन्सं, रडताय?" चहा घेऊन आलेली सुहासिनी दारात थबकली.

"नाही गं. सापडलं. कवठ्याचं. बोलाव त्याला."

चिंतामण धावतच कुंडीशी गेला. गुंडा कुदळ घेऊन तयार. झाडावर एकच पुरतं उमललेलं फूल होतं. चिंतामणनं ते हातात धरून वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे मिटून, लांब. द्वारकाताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि तो चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"खात्री आहे तुला?"

"देवाशप्पथ. हाच."

"मला वाटलं होतं, तू बोट ठेवलंस की माझ्या नाकात काहीतरी आपोआप जुळेल." तो उठून उभा राहिला, हात झटकले. "वास चांगला आहे गं. पण आईचा नव्हे. तुझी आठवण खोटी नाही म्हणत मी. माझीच खोटी असेल. पोरवयात काय, कुठला तरी साबण असेल, लग्नातलं अत्तर असेल, आणि मी बसलो इतकी वर्षं..." तो गुंडाकडे वळला. "गुंडा, राहू दे ती कुदळ. फावडं आण. आळं बुजवून टाक."

"सायेब, इतकं खणल्यालं..."

"बुजव म्हटलं ना!"

गुंडा फावडं आणायला गेला. द्वारकाताई आळ्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. मघाशी इतकी मोठी वस्तू हाती आली होती, आणि ती याच्या हातात ठेवली तर याच्या हाती काहीच पडलं नव्हतं.

"चिंतू," त्या म्हणाल्या, "तू वास घेतलास तो कुठं रे? झाडावर?"

"झाडाजवळ मला कोण जाऊ देत होतं? काटे लागतील म्हणून आई खाली सोडायचीच नाही. पाठुंगळी घ्यायची."

"पाठुंगळी."

"हो. फुलं काढायला तू पुढं, आणि मागनं ती, मला पाठीवर घेऊन. तेवढं मला लख्ख आठवतं. पुढचं दिसायचं नाही काही. हलत राहायचं सगळं, आणि तो वास. मला तिथंच झोप लागायची."

द्वारकाताईंच्या समोर ते परस उभं राहिलं, आणि आता त्यात आई पाठमोरी नव्हती. पाठीवरून चिंतू पुढं झुकायचा आणि परडीतल्या गुलाबाला फस्सदिशी नाक लावायचा. रोज! द्वारका ओरडायची, "आई, यानं हुंगलं!" आणि आई, ती शिस्तीची आई, ते फूल परडीतून काढायची आणि म्हणायची, "बरं झालं हो. देवाच्या वाटणीचं गेलं, आता माझ्या वाटणीला आलं." आणि आपल्या अंबाड्यात खोचायची. त्याच अंबाड्यात या पोराचं नाक दिवसभर.

गुलाबाचा वास नव्हताच तो. निदान नुसत्या गुलाबाचा नव्हता. कुठल्या कुंडीत सापडणार होता?

त्यांचा हात नकळत आपल्या केसांवर गेला. कपूरकाचरी, नागरमोथा आणि वाळा घालून उन्हात मुरवलेलं तेल. आई करायची तसंच त्या अजून घरी करत, दुसरं त्यांना येतच नव्हतं. आणि पुढं काय करायचं ते कळलं तशा त्या घाबरल्या. यजमान गेल्यापासून त्यांच्या केसांना फूल शिवलं नव्हतं. कुणी मनाई केली होती असं नाही. मनाई करायची वेळच त्यांनी कुणावर येऊ दिली नव्हती. आज तर हळदीकुंकू. मांडवात सतरंज्या घालायला शेजारच्या राहीबाई आलेल्या. दुपारनंतर सगळं गाव येईल.

गुंडा फावडं घेऊन आला. पहिलं फावडं मातीत गेलं.

"थांब रे," द्वारकाताई म्हणाल्या. "चिंतू, ते फूल दे इकडं. खूड."

त्यानं खुडून दिलं. द्वारकाताईंनी ते हातात घेतलं. मान वळायला लागली होती, ती त्यांनी वळू दिली नाही. फूल नाकाशी धरलं आणि भरपूर, पोटभर वास घेतला. ताज्या फुलाचा, कुणाही देवाच्या आधी. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि उरल्यासुरल्या केसांच्या त्या लिंबाएवढ्या अंबाड्यात फूल खोचलं. ते नीट बसेना. दोनदा खोचलं.

"ताई, काय करतेस तू?"

"मागं ये. माझ्या मागं. वाक."

"अगं पण..."

"वाक म्हणते ना. पाठीवर होतास तसा."

चिंतामण मागं गेला. गुडघे कुरकुरले. द्वारकाताईंना त्याचा श्वास मानेवर जाणवला. एकदा आला, गेला. मग आत घेतला गेला तो बाहेर यायलाच तयार नाही. बागेत काही हलत नव्हतं. मधमाश्यासुद्धा लांब कुठं तरी गुणगुणत होत्या, कुणी तरी शेजारच्या खोलीत जात्यावर बसल्यासारख्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक जड, दाढीचे खुंट असलेली हनुवटी त्यांच्या खांद्यावर येऊन टेकली, आणि तिथंच राहिली.

त्या हलल्या नाहीत. पाठीवर ओझं असलं की बाई हलत नाही.

"जांभळा काठ होता," तो त्यांच्या खांद्यावरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "पातळाला. मी तो चोखत असायचो."

"होय रे. ओलं करून टाकायचास सगळं."

"आणि मानेवर तीळ."

"डाव्या बाजूला."

फावडं छातीशी धरून गुंडा दुसरीकडे बघत उभा होता. चिंतामण उठला, नाक पुसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उभा काय राहिलास? कवठ्याची कुंडी आण. फोड. आणि मुळं सांभाळून."

"आता बुजवू का लावू, येकदा ठरवा सायेब," गुंडा म्हणाला, पण कुंडी आणायला पळालाच.

आळ्यात झाड उभं राहिलं. तिघांनी माती लोटली. द्वारकाताईंनी दोन्ही हातांनी ती बुंध्याशी दाबली आणि तांब्यानं पाणी घातलं. इतक्यात घरातून सुहासिनी आणि तिच्या मागं राहीबाई बाहेर आल्या. राहीबाईंच्या डोक्यावर सतरंजीची गुंडाळी. दोघी वाटेतच थांबल्या.

द्वारकाताईंना तेव्हा आठवलं, आपल्या डोक्यात काय आहे ते. मातीचा हात झटकन वर गेला.

"असू द्या," सुहासिनी म्हणाली आणि पुढं होऊन तिनं तो हात मनगटाशी धरला. तिनं भरलेलं आळं बघितलं, नवऱ्याचे लाल डोळे बघितले, नणंदेच्या अंबाड्यातून लोंबणारं फूल बघितलं.

"आक्का, लय ग्वाड दिसतंय की," राहीबाई सतरंजीखालून म्हणाल्या.

"दिसतंय, पण टिकायचं नाही असं," सुहासिनी म्हणाली. तिनं आपल्या वेणीतली एक पिन काढली, दातांनी उघडली आणि वन्संच्या मागं जाऊन उभी राहिली. "मान खाली घ्या बघू जरा. चार वाजता बायका यायच्या आहेत, तोवर पडून जाईल."

द्वारकाताईंनी मान खाली घातली.